रात्र मोडायची कशी: ड्रॅगन फ्रूटचा हिवाळी बहार दिव्यांवर

सोयाबीन काढणीला आलं की एकदा रस्त्याकडेच्या रानाकडे नीट बघा. सगळं रान पिवळं पडून पानं गाळत असतं आणि दिव्याच्या खांबाखाली मात्र एक हिरवा गोल तसाच राहिलेला असतो. तिथल्या झाडांना शेंगा उशिरा धरतात, पिकायला तर त्याहून उशीर. "तिथं ओल धरून राहत असंल," म्हणत आपण पुढे निघतो. ओलीचा काही संबंध नसतो. सोयाबीनला फुलावर यायला लांब रात्र लागते आणि त्या दिव्यानं तिथली रात्र मधोमध तोडलेली असते.

ड्रॅगन फ्रूटचं नेमकं उलटं आहे. त्याला फुलायला आखूड रात्र हवी. आपल्याकडे मे-जूनपासून लाटेलाटेनं कळ्या येतात, चार-सहा तोडे होतात आणि दिवाळीच्या आसपास बाग गप्प होते. आपण म्हणतो झाड दमलं, खत कमी पडलं. तेही थोडं खरं असतं, पण मूळ कारण आकाशातलं. सोलापूरच्या अक्षांशावर २१ जूनचा दिवस १३ तास १० मिनिटांच्या आसपास असतो आणि २१ डिसेंबरचा ११ तासांच्या किंचित वर. सप्टेंबरच्या अखेरीस दिवस १२ तासांवर आला की झाड नव्या कळ्या काढणं आवरतं घेतं.

रात्री दिवे लावून ही लांब रात्र मोडायची, म्हणजे झाडाला ती आखूड वाटते आणि कळ्या निघतात. एवढंच या सगळ्या उद्योगाचं मर्म. व्हिएतनामच्या दक्षिणेतल्या बिन्ह थुआन भागात शेतकरी वर्षानुवर्षं असं हिवाळी फळ घेत आलेत. आधी ६० ते १०० वॅटचे पिवळे बल्ब होते, मग सीएफएल आले, आता एलईडी. तैवानमध्येही हीच रीत आहे. पण बिन्ह थुआन हा विषुववृत्तापासून जेमतेम ११ अंशांवरचा समुद्रकाठ. तिथली डिसेंबरची रात्रही उबदार. घाटाच्या वर, आपल्या देशावर ती तशी नसते. व्हिएतनामचे व्हिडिओ बघून दिवे लावणारे बहुतेक जण इथंच फसतात, म्हणून पुढच्या सगळ्या सांगण्यात दिव्याइतकंच थंडीबद्दल सांगणार आहे.

आधी एक शंका निकालात काढू. डाळिंबाला, आंब्याला, द्राक्षाला हे चालेल का? नाही. डाळिंबाचा बहार ताण आणि पानगळीवर धरतात, आंब्याचा मोहोर थंडीवर आणि पॅक्लोब्युट्राझोल या वाढ रोखणाऱ्या औषधावर, द्राक्षाची फूट छाटणीवर. ही झाडं रात्र मोजून फुलत नाहीत. महाबळेश्वरकडच्या नेहमीच्या स्ट्रॉबेरी जाती तर आखूड दिवसाच्या आहेत, त्यांना रात्री दिवे लावले तर फूल उलट लांबेल. पॉलिहाउसमधले शेवंतीवाले दिवे लावतात तेही फूल लांबवायला, आणायला नव्हे. फळांत हे तंत्र खऱ्या अर्थानं चालतं ते ड्रॅगन फ्रूटमध्ये. पिवळं पॅशन फ्रूटही लांब दिवसाचं आहे, पण आपल्याकडे त्याच्या बागा किती?

दिवा नक्की काय करतो

ड्रॅगन फ्रूटला पानं नाहीत, हिरवी कांडीच पानाचं काम करते. तिच्यात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. तांबड्या प्रकाशानं ते एका रूपात जातं, अंधारात हळूहळू मूळ रूपात परततं. किती वेळ सलग अंधार होता हे झाड त्यावरून ओळखतं. म्हणून महत्त्व एकूण प्रकाशाला नाही, सलग अंधाराला आहे.

डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सातच्या सुमारास उगवतो. रात्री १० ते २ दिवे लावले तर १३ तासांच्या अंधाराचे ४ आणि ५ तासांचे दोन तुकडे होतात. तेच चार तास संध्याकाळी ६ ते १० लावले तर पुढे ९ तासांचा अखंड अंधार उरतो. वीज तेवढीच जळते, पण रात्र नीट मोडत नाही. दिवे मध्यरात्रीच्या दोन्ही अंगांना ठेवायचे ते यासाठी.

दुसरी गोष्ट, हा प्रकाश झाडाचं पोट भरत नाही. त्या उजेडात अन्न तयार होण्याचं प्रमाण नगण्य असतं. फळ पोसायचं ते दिवसाच्या उन्हावर आणि कांडीत साठलेल्या शिदोरीवर. ती शिदोरी नसेल तर दिवे कितीही लावा.

कोणत्या तारखा धरायच्या

रात्रीचं तापमान १५ अंशांखाली सलग राहू लागलं की दिवे असूनही कळ्या निघणं मंदावतं, निघालेल्या गळतात आणि पराग कमजोर पडतो. म्हणून देशावरच्या बागेला दोन खिडक्या उरतात.

पहिली शरदातली. २५ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबरच्या दरम्यान दिवे सुरू करायचे. नैसर्गिक कळ्या थांबायच्या बेतात असतात आणि रात्री अजून उबदार असतात. १ ऑक्टोबरला सुरुवात केली तर हिशेब साधारण असा बसतो: २० ते २५ ऑक्टोबरला कळ्या, नोव्हेंबरच्या मध्याच्या पुढे-मागे फुलं, डिसेंबर अखेर ते जानेवारीचा पहिला पंधरवडा तोडणी. जूनमध्ये कळी ते फूल १५-२० दिवसांत होतं आणि फूल ते फळ महिनाभरात. थंडीत पहिल्याला २५ दिवस आणि दुसऱ्याला ४० ते ५० दिवस धरा. फळ फुगत असताना थंडी पडली तर ते सावकाश भरतं, एवढंच. कळी निघताना थंडी पडली तर मात्र डाव हातचा जातो.

दुसरी खिडकी वसंतातली. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यानंतर थंडी ओसरते. तेव्हा दिवे लावले तर मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कळ्या, महिनाअखेरीस फुलं आणि मेच्या सुरुवातीला फळ, म्हणजे नेहमीच्या हंगामाच्या दोन महिने आधी. इथं अडचण उलट्या बाजूची असते. एप्रिलमध्ये जत, सांगोला, मंगळवेढा पट्ट्यात पारा चाळिशी गाठतो. कांड्या पिवळ्या पडतात, पश्चिमेकडच्या बाजूनं भाजतात. शेडनेट किंवा केओलिनच्या (पांढऱ्या मातीच्या) फवारणीची तयारी नसेल तर ही खिडकी माझ्या मते सोडून द्यावी.

डिसेंबर-जानेवारीत दिवे लावायचा मोह होतो, कारण बाजार तेव्हा चढा दिसतो. कोकणात आणि गोव्यात रात्री उबदार असतात, तिथं हा प्रयत्न करून बघण्यासारखा आहे. निफाडसारख्या, पारा दहाच्याही खाली जाणाऱ्या भागात तर विषयच सोडा. मधल्या पट्ट्यात आपल्याच रानात किमान तापमान दाखवणारा थर्मामीटर टांगा आणि एक हिवाळा नुसता लिहून काढा. नदीकाठचं, सखल रान आणि माळावरचं रान यांत दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. तालुक्याच्या गावचा आकडा आपल्या बागेचा नसतो.

कोणती बाग दिव्याखाली घ्यायची

तिसऱ्या वर्षाच्या आतली बाग घेऊ नका. खांबावरची कांड्यांची छत्री पूर्ण भरलेली हवी, कांड्या खांबाच्या डोक्यावरच्या रिंगेवरून खाली झुकलेल्या हव्यात आणि निदान सहा-आठ महिन्यांच्या, जाड, गडद हिरव्या असाव्यात. पावसाळ्यात फुटलेली कोवळी, पोपटी कांडी दिव्याला दाद देत नाही. बोटांनी दाबून बघा: कडा टणक, टोक बोथट झालेलं असेल तर ती तयार.

यानंतरचं काम सगळ्यांना जड जातं. जो पट्टा दिव्याखाली घ्यायचा, त्यावर नेहमीच्या हंगामाचं पूर्ण पीक घ्यायचं नाही. ऑगस्टच्या मध्यानंतर आलेल्या कळ्या खुडून टाकायच्या, म्हणजे महिना-दीड महिना झाडाला उसंत मिळते. हात धजत नाही, हे मला ठाऊक आहे. पहिल्या वर्षी माझाही धजला नव्हता. सप्टेंबरचा तोडा घेतला, लगेच दिवे लावले, कळ्या आल्याही. पण अर्ध्याहून अधिक पिवळ्या होऊन गळाल्या आणि उरलेली फळं लिंबाएवढ्यावरच अडली. एका झाडाकडून दोन हंगामांचं भाडं वसूल करायला निघालो होतो, दुसरं काय.

म्हणून पहिल्या वर्षी ५० खांब पुरेत, रस्त्याच्या किंवा घराच्या जवळचे. त्यातच जाती वेगळ्या असतील तर त्यांची नोंद वेगळी ठेवा. पांढऱ्या गराची आणि लाल गराची झाडं दिव्याला सारखी दाद देत नाहीत. शेजारच्या गावात जंबो रेड जातीला किती कळ्या आल्या यावर आपलं गणित मांडू नका.

दिवे लावण्याच्या तीन-चार आठवडे आधी रोगट, आतल्या बाजूच्या, एकमेकींवर चढलेल्या कांड्या काढा. कापलेल्या जागी बुरशीनाशकाचा हात फिरवा, खोडकूज आणि कांडीवरचे ठिपके पावसाळ्याच्या शेवटी जोरात असतात. नत्र याच सुमारास आखडतं घ्या, नाहीतर कळीऐवजी नवी फूट येईल. ठिबकमधून ०:५२:३४ आणि नंतर १३:०:४५ या विद्राव्य खतांचा क्रम बहुतेक बागायतदार ठेवतात. मात्रा माती परीक्षणावरून ठरवा. शेणखत भरपूर पडलेल्या बागेला फार सोस करायची गरज नसते. पाण्याचा ताण मात्र देऊ नका. डाळिंबाची सवय झालेला माणूस इथंही पाणी तोडतो आणि कांड्या सुरकुततात.

मांडणी आणि वायरिंग

बल्ब कोणता? महागडे खास 'ग्रो लाइट' लागत नाहीत. ९ वॅटचा, पिवळसर उजेडाचा, डब्यावर २७०० किंवा ३००० केल्विन लिहिलेला साधा एलईडी चालतो, कारण त्याच्या उजेडात तांबडा भाग पुरेसा असतो. पांढराशुभ्र ६५०० केल्विनचा घेऊ नका. नुसत्या तांबड्या रंगाचे बल्ब मिळाले तर तेही चालतात, पण त्या उजेडात कळी, कीड, साप काहीच नीट दिसत नाही, हा अनुभवाचा भाग.

१२ बाय ८ फुटांवर लावलेल्या बागेत एकरी साधारण ४५० खांब बसतात. ओळीतल्या दोन खांबांच्या मधोमध एक बल्ब धरला तर बल्बही तेवढेच. उंची रिंगेच्या बरोबरीनं किंवा फूटभर वर. फार वर टांगला तर उजेड पसरतो आणि पातळ होतो. फार खाली टांगला तर छत्रीचा वरचा भाग अंधारात राहतो. खांबाच्या डोक्यावरून जीआय (जस्त चढवलेली) तार ओढून तिला केबल बांधा, वजन तारेवर जाऊ द्या, होल्डरवर नको.

पहिल्या रात्री दिवे लागले की बागेत एक चक्कर मारा आणि खाली लोंबणाऱ्या कांडीजवळ वर्तमानपत्र धरा. मजकूर सहज वाचता आला तर उजेड पुरे. मोबाइलमधलं लक्स (उजेडाचं माप) मोजणारं ॲप अचूक नसतं, पण एका कोपऱ्याची दुसऱ्याशी तुलना करायला उपयोगी पडतं. ५० लक्सच्या खाली दाखवणाऱ्या जागा शोधा आणि बल्ब सरकवा. सावलीत राहिलेल्या बाजूला कळ्या कमी येतात, हे नंतर डोळ्यांनी दिसतं: एकाच खांबावर दिव्याकडची बाजू कळ्यांनी लगडलेली आणि पाठीमागची कोरी.

आता विजेचं गणित. ४५० बल्ब गुणिले ९ वॅट म्हणजे ४,०५० वॅट. रात्री ४ तास चालवले तर १६.२ युनिट, २५ रात्रींचे ४०५ युनिट. सिंगल फेजवर एवढा भार एकाच वायरीत टाकला तर १८-२० अँपिअर जातात. ते करू नका. १५० बल्बांचे तीन फाटे करा, प्रत्येकी सहा-साडेसहा अँपिअरचे, आणि थ्री फेज असेल तर तिन्ही फेजवर वाटून द्या. प्रत्येक फाट्याला भार वाढला की वीज तोडणारी वेगळी एमसीबी आणि करंट गळू लागला की वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच. ओलसर रान, लोखंडी रिंगा, जीआय तार आणि रात्री अनवाणी फिरणारा माणूस हे सगळं एकत्र येतं, तिथं आरसीसीबीवर पैसे वाचवणं म्हणजे जिवाशी खेळ. होल्डर पाणी न शिरणारे, आयपी ६५ दर्जाचे घ्या. जोडावर नुसती टेप गुंडाळून भागत नाही, दवानं ती सुटते. अर्थिंग नवीन घ्या. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

वीज आणायची कुठून, हा खरा घोळ. शेतीपंपाची वीज बहुतेक ठिकाणी आठ तास, तीही दिवस-रात्र पाळीनं. जिथं सौर कृषी वाहिनी झाली तिथं वीज दिवसा येते, म्हणजे पंपाला सोय झाली आणि दिव्याची गेली. सौरपंपाला बॅटरी नसते. शिवाय पंपाच्या जोडणीवर दिवे लावणं नियमात बसतं की नाही, हे आधी महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी विचारून घ्या आणि वेगळी मीटरची जोडणी मागा. डिझेल जनित्रावर २५ रात्री काढणं जमतं, पण मग युनिटचा दर कितीतरी पट चढतो; ५० खांबांच्या चाचणीपुरतं ठीक.

टायमरबद्दल थोडं. स्वस्तातला फिरत्या चकतीचा टायमर वीज गेली की थांबतो आणि आली की तिथून पुढे चालतो. आठवड्याभरात तुमचे दिवे रात्री १० ऐवजी पहाटे ३ ला लागू लागतात आणि तुम्ही झोपलेले. बॅटरी बॅकअप असलेला डिजिटल टायमर घ्या, आणि तरीही तीन-चार दिवसांतून एकदा रात्री अकराला उठून खिडकीतून बागेकडे बघा.

त्या पंचवीस रात्री

रोज रात्री १० ते २, न चुकता. ऑक्टोबरमध्ये चार तास पुरतात. थंडी वाढू लागली तर पाच-सहा तासांपर्यंत न्या: ९ ते २, किंवा ९ ते ३. पाळीमुळे वीज १२ नंतरच येत असेल तर १२ ते ४ चालवा. रात्रीचे दोन्ही तुकडे सहा-साडेसहा तासांच्या आत राहिले म्हणजे झालं. एखादी रात्र चुकली तर आभाळ कोसळत नाही, शेवटी दोन रात्री वाढवा. सलग तीन-चार रात्री गेल्या तर मात्र मोजणी पहिल्यापासून.

बाराव्या-पंधराव्या दिवसापासून सकाळी कांडीच्या कडेवरचे काट्यांचे डोळे तपासा. फुगलेला डोळा दिसला की लगेच पेढे वाटू नका. टोकदार, लांबट, हिरवा कोंब असेल तर ती फूट आहे, ती वेळीच खुडा. गोलसर, गुबगुबीत, लालसर झाक असलेली ती कळी. दोन-तीन दिवसांत फरक अगदी स्पष्ट होतो.

बऱ्याच खांबांवर कळ्या हरभऱ्याएवढ्या झाल्या की दिवे बंद करता येतात. साधारण २० ते २५ रात्री लागतात. पस्तिशी गाठली तरी काही नाही, तर बिल वाढवत बसू नका. थर्मामीटरची वही उघडा, कांड्या पुन्हा दाबून बघा; कारण त्या दोहोंपैकी एकात सापडेल.

कळ्या दिसल्या की विरळणी. नेहमीच्या हंगामात एका कांडीवर दोन-तीन फळं झाड पेलतं. हिवाळ्यात एका कांडीवर एकच, तीही कांडीच्या टोकाकडची, खाली तोंड केलेली ठेवा. खांबावर १५-२० ठेवल्या तर त्यातली काही गळतील हे धरूनच चाला. विरळणी करताना मुंग्याही बघा. कळीभोवतीच्या गोड स्रावाला त्या येतात आणि देठ पोखरतात.

शेजाऱ्याचंही एक बघावं लागतं. तुमच्या बांधाला लागून तूर असेल तर तिला फुलावर यायला लांब रात्र लागते, सोयाबीनसारखीच. तुमच्या दिव्याच्या झोतात आलेल्या तिच्या दोन-चार ओळी नुसत्या वाढत राहतील, फुलं लांबतील. बांधाकडच्या बल्बांना वरून-मागून पत्र्याची झाकणं लावा, किंवा कडेची एक ओळ दिव्याविना सोडा. आणि काका-तात्या जे कोण असतील त्यांना सप्टेंबरातच जाऊन सांगा, नोव्हेंबरात भांडण मिटवण्यापेक्षा ते सोपं.

फुलाची रात्र

फूल संध्याकाळी सात-आठला उमलू लागतं, दहापर्यंत ताटाएवढं होतं आणि सकाळी ऊन वर आलं की मिटतं. एवढाच वेळ. पावसाळ्यात पहाटे मधमाश्या येतात आणि बरंच काम करून जातात. नोव्हेंबरच्या थंड पहाटे त्यांचा भरवसा नाही, म्हणून हिवाळी बहारात हातानं परागीकरण करायचंच असं समजा.

रात्री नऊ ते बारा, डोक्याला टॉर्च बांधून दोघं जण. एकानं स्टीलच्या वाटीत पराग झटकून घ्यायचे, दुसऱ्यानं रंगाच्या मऊ कुंचल्यानं ते मधल्या चांदणीसारख्या कुक्षीवर फिरवायचे. शक्यतो वेगळ्या जातीचे पराग वापरा: लाल गराच्या काही झाडांना स्वतःचे पराग चालतच नाहीत, आणि ज्यांना चालतात त्यांचंही फळ परक्या परागानं जड भरतं. म्हणून दिव्याखालच्या पट्ट्यात दुसऱ्या जातीचे चार-सहा खांब असलेले बरे. फुलं एकाच रात्री सगळी उमलत नाहीत, चार-पाच रात्री जागरणाची तयारी ठेवा. पायात गमबूट, हातात काठी.

पाचव्या-सहाव्या दिवशी फुलाचा वाळलेला भाग लोंबू लागतो आणि देठाकडचा भाग हिरवागार राहतो, ते फळ धरलं. देठ पिवळा पडला तर गेलं.

फळ आणि पैसा

हिवाळ्यात हवा कोरडी, म्हणून बुरशीचे डाग कमी आणि फळाची कातडी स्वच्छ. गोडीही चांगली उतरते. वजन मात्र पावसाळी फळाहून थोडं कमी धरा. पालाश चालू ठेवा, पाणी थोडं थोडं पण नियमित द्या. कोरड्यात ठेवून एकदम भरपूर पाणी दिलं की फळ तडकतं. सालीनं रंग घेतला की चार-पाच दिवसांनी तोडा, त्याआधी नको. पाखरं या दिवसांत इतर फळ नसल्यानं तुटून पडतात. जाळी किंवा पिशवी लागतेच.

आता हिशेब. आकडे समजुतीसाठी, तुमचे तुम्ही घाला. समजा युनिटला सगळं धरून ८ रुपये पडले, तर एकराचे २५ रात्रींचे बिल ३,२४० रुपये. इतकंच. लोक घाबरतात ते या आकड्याला, आणि खरा खर्च दुसरीकडेच असतो. बल्ब, केबल, होल्डर, पेटी हा पहिल्या वर्षीचा मोठा घास. आणि न दिसणारा खर्च म्हणजे ऑगस्टनंतर खुडून टाकलेला तोडा. समजा तो ६०० किलोचा होता आणि ७० रुपयांनी गेला असता, तर ४२,००० रुपये तुम्ही आधीच घालवलेत. हिवाळ्यात भाव १४० मिळाला असं धरलं तरी विजेसकट नुसती बरोबरी व्हायला सव्वातीनशे किलो फळ लागतं, म्हणजे खांबाला पाऊण किलोच्या जवळ; परागीकरणाची मजुरी वेगळीच. खांबाला दोन किलो उतरलं तर चांगले पैसे राहतात, अर्धा किलो उतरलं तर नुसती हौस.

भाव धरतानाही एक ध्यानात ठेवा. वाशीच्या बाजारात हिवाळ्यात तुमचं फळ एकटं नसतं. व्हिएतनामचं फळ तेव्हाही येतं, आणि तेही दिव्याखालीच पिकलेलं असतं. त्याच्याशी चकाकीत स्पर्धा अवघड. ताजेपणात आणि पूर्ण पिकून तोडलेल्या गोडीत करता येते, कारण बोटीनं येणारं फळ लवकर तोडावं लागतं. म्हणून हिवाळी माल लांबच्या बाजारात एकदम न पाठवता सोलापूर, सांगली, कोल्हापूर, पुण्याच्या फळवाल्यांना थोडा थोडा थेट दिला तर जास्त पदरात पडतं, असा माझा कल आहे. डिसेंबर अखेरचं फळ कुणाला द्यायचं, हे दिवे लावण्याआधी, सप्टेंबरातच दोन व्यापाऱ्यांशी बोलून ठेवा.

जातींबद्दल किंवा कांड्यांच्या रोगांबद्दल अडलं तर बारामतीजवळ माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे, तिथं ड्रॅगन फ्रूटवर काम चालतं. जाताना आपली तापमानाची वही आणि कांड्यांचे फोटो घेऊन जा.

तोडणी संपली की दिवे उतरवून घ्या. मार्चनंतरच्या उन्हात केबलचं प्लास्टिक तडकतं आणि वळवाच्या पावसात तिथूनच करंट उतरतो. बल्ब पुसून खोक्यात, केबल मोठ्या वेटोळ्यात गुंडाळून, प्रत्येक फाट्याला चिठ्ठी बांधून ठेवा: कोणती ओळ, किती बल्ब, कुठला जोड ढिला होता. दिव्याखाली राहिलेल्या खांबांना शेणखताची एक जास्तीची पाटी द्या आणि जूनच्या पहिल्या लाटेच्या निम्म्या कळ्या त्यांच्यावरून खुडा.